पाणी लांबून आणावं लागतं

दादाचं पत्र नेहमी दुपारी यायचं. टपालवाला आमच्या गल्लीत शिरला की सायकल भिंतीला टेकवायचा आणि नुसतं "विलायत!" म्हणून ओरडायचा. जालन्याच्या त्या गल्लीत दुसऱ्या कुणाला विलायतेहून पत्र येत नव्हतं, त्यामुळे नाव घ्यायची गरज नसायची. आई हातातलं काम टाकून, पदराला हात पुसत दारात जायची. पाकीट उलटसुलट करून बघायची, त्याच्या तिकिटावरच्या राजाच्या तोंडाकडे बघायची आणि कोनाड्यात उभं करून ठेवायची. ते फोडायचा मान आबांचा होता, आणि आबा कापसाच्या प्रेसमधून पाचला सुटायचे.

आबांचं काम गाठींवर मार्का मारायचं. दाबून, पट्ट्या आवळून तयार झालेल्या गाठीवर पत्र्याचा साचा धरायचा आणि काळ्या शाईचा कुंचला फिरवायचा. इंग्रजी अक्षरं अशी वर्षानुवर्षं त्यांच्या हाताखालून गेली, पण जोडून वाचता मात्र आली नाहीत. म्हणूनच असेल, आम्हा दोघा भावंडांना त्यांनी मिशनच्या इंग्रजी शाळेत घातलं. भाऊबंद हसले. पोराचं एक वेळ ठीक, पोरीला कशाला, असं ते म्हणायचे. आबा म्हणायचे, "एकाला घातलं तर दुसऱ्याला बी बराबर. माप एकच."

दादा शाळा संपवून प्रेसच्याच इंजिनावर फिटर झाला. तिथला म्हातारा गोरा इंजिनियर नोकरी संपवून आपल्या गावी परत निघाला तेव्हा म्हणाला, या मुलाचा हात चांगला आहे, माझ्याबरोबर येऊ द्या, रेल्वेची इंजिनं जिथं बनतात तिथं दोन वर्षं शिकेल आणि परत येईल. ते गाव ग्लासगो. दादा गेला तेव्हा मी नऊ वर्षांची होते. वर्ष सव्वा वर्ष झालं आणि युद्ध पेटलं. दोन वर्षांची आठ झाली.

पत्रं इंग्रजीत का, तर युद्धात दुसऱ्या भाषेतलं पत्र तपासणीत महिनोन्‌महिने अडकायचं. युद्ध संपल्यावर त्याला मराठीत लिहिता आलं असतं. पण तोवर आबांना सवय झाली होती. इंग्रजी पत्र खिशात घालून प्रेसमध्ये नेता यायचं, गाठींवर बसून चार माणसांना दाखवता यायचं. त्यांनी माझ्याकडून दादाला लिहवून घेतलं, "इंग्रजीतच लिहीत जा. वजन पडतं." त्यामुळे त्या घरात दादाचं पत्र वाचू शकणारी मी एकटी राहिले. मी वाचायची आणि मराठीत सांगायची. आबा पत्र ऐकत, आणि आई माझ्या तोंडाकडे बघत राही.

युद्ध संपलं तेव्हा सगळे म्हणाले, आता येईल. पाणी भरताना बायका विचारायच्या, "आलं का गं काही? निघाला का?" आईचं सगळं बोलणं त्या एका गोष्टीपाशी येऊन थांबायचं. लोणचं घातलं तर बरणी वेगळी, दादाची. नवी गोधडी शिवली तर त्याच्या मापाची, आणि ते माप ती आठवणीतून घ्यायची. अठरा वर्षांचा गेला होता. "आता उंच झाला असंल," असं म्हणून तिनं ती वीतभर वाढवली.

युद्धानंतरचं पहिलं मोठं पत्र मी जसं होतं तसं वाचलं. दादा ग्लासगोबद्दल लिहायचा, स्वतःबद्दल फार कमी. आता वाटतं, पत्र प्रेसमध्ये फिरणार हे त्याला माहीत होतं, म्हणून चारचौघांत वाचता येईल असंच तो लिहायचा. त्या पत्रात त्याने लिहिलं होतं की तो राहतो ती इमारत दगडी, चार मजल्यांची आहे. आत नळ आहे आणि पाणी चौथ्या मजल्यावरसुद्धा आपलं आपण चढतं. हे पाणी दूरच्या डोंगरांतल्या एका तलावातून डोंगर पोखरून आणि नळ घालून शहरात आणलंय, आणि ते इतकं स्वच्छ की साबणाला लगेच फेस येतो. स्वयंपाकाला लाकूड लागत नाही, चावी फिरवली की गॅसची ज्योत पेटते. रस्त्यातून विजेच्या ट्राम एकीमागून एक येतात, एक चुकली तर माणूस मागे वळून बघतसुद्धा नाही. आणि जमिनीखालून एक रेल्वे शहराला गोल चक्कर मारते.

आबांनी मांडीवर थाप मारली. "हे शहर म्हणायचं!"

आई चुलीपाशी गेली. तिनं सगळ्यांना वाढलं. स्वतःचं ताट घेतलं, भाकरी मोडली आणि तशीच ठेवली.

"कामून जेवत न्हाईस?" आबा म्हणाले.

"तिथं आड न्हाई, रहाट न्हाई, सरपण न्हाई. पाणी आपल्या पायानं वर चढतंय." आई ताटाकडे बघून बोलत होती. "माझ्या माह्यारचे, अंतरवालीचे किती गडी दुष्काळात गेल्ते. ज्यायला कोरडं गाव गावलं ते आले माघारी. ज्यायला पाण्याचं गावलं, त्यायची पाठच पाह्यली आमी. घरात पाणी येतंय तिथून कोन येतंय, सांगा बरं."

"ते गडी होते. हा आपला ल्योक हाय."

"गडी बी कुनाचे ल्योकच व्हते."

ती त्या दिवशी जेवली नाही, दुसऱ्या दिवशी सकाळीही नाही. मी सतरा वर्षांची होते. आईच्या जेवणाचं आणि माझ्या वाचण्याचं नातं मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

पुढच्या पत्रात नदी होती. क्लाइड नावाची ती नदी पूर्वी इतकी उथळ होती की माणसं चालत पार करत. शहराच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या गाळ उपसून ती खोल केली. आता समुद्रातली मोठाली जहाजं शहराच्या पोटात येतात, आणि दोन्ही काठांवर तर जहाजं बांधायचीच कामं चालतात, मैलोन्‌मैल. मी पत्र उलगडलं. आई समोर बसली होती, हात मांडीवर.

"नदी उथळ आहे," मी वाचलं. "गाळ उपसावा लागतो."

"अगं माय! नदीला पाणी न्हाई?"

"आहे. पण उपसावं लागतं."

"मंग तो गोरा सायेब सांगायचा ती जहाजं?" आबांनी विचारलं.

"ती काठावर असतात," मी म्हणाले.

त्या संध्याकाळी आई दीड भाकरी जेवली.

मी खोटं असं काही वाचलं नाही. पुढे कित्येक दिवस मी स्वतःला हेच सांगत होते. मी फक्त वाक्य अर्ध्यावर सोडायची. दादा लिहायचा, पाणी फार लांबून आणलंय, पण घरोघर पोचलंय. मी वाचायची, पाणी फार लांबून आणावं लागतं. तो लिहायचा, गाडी जमिनीखालून धावते म्हणून वर रस्ता मोकळा राहतो. मी वाचायची, गाडीत बसलं की ऊन दिसत नाही. तो लिहायचा, इथले कारखाने एवढे की त्यांच्या धुरानं इमारती काळ्या पडल्यात, पण जगातल्या अर्ध्या देशांतून इंजिनांची मागणी येऊन पडली आहे, हात कमी पडतात. मी वाचायची, धुरानं इमारती काळ्या पडल्यात. पाव रेशनवर आहे हे मात्र मी पुरं वाचायची. ते मला सापडलेलं फार मोलाचं वाक्य होतं.

आईला ग्लासगो असं हळूहळू कळत गेलं. कोरडी नदी, काळी घरं, मोजून मिळणारा पाव, लांबचं पाणी. ती आडावर बायकांना सांगायची, "इंग्रजाचं नुसतं नाव मोठं. लेकरू पाण्याला मोताद हाय." बायका चुकचुकायच्या. आईचा चेहरा मात्र उजळलेला असायचा. तिला त्या गावाची कीव यायची, आणि कीव येते त्या गावातून माणूस परत येतोच, असा तिचा हिशेब होता.

राहिलेली अर्धी वाक्यं माझ्याकडे जमत गेली. ती कुणाला द्यायची नव्हती, म्हणून मी ती वापरायला लागले. दुपारी आडावर पोहरा सोडला की दोर हातातून सरसरत जायचा आणि खालून तो पोकळ आवाज यायचा. त्या वेळी मी ग्लासगोत असायची. जिन्यातून वर जायची, चावी फिरवायची. शाळेच्या नकाशाच्या पुस्तकात ते शहर मोहरीएवढा ठिपका होतं. त्या ठिपक्यातून मी ट्रामने जायची आणि नदीकाठी उतरायची. अर्धं बांधलेलं जहाज मचाणात उभं असायचं, त्यावर माणसं मुंग्यांसारखी हातोडे मारत असायची. मग जहाज पुरं होऊन घसरत पाण्यात जायचं आणि सगळा काठ ओरडायचा. दादाने हे एकदाच लिहिलं होतं, चार ओळींत. मी ते शंभरदा पाहिलं असेल.

जालन्याच्या स्टेशनवर एकदा मामांना पोचवायला आम्ही गेलो होतो. मनमाडकडची गाडी उभी होती. इंजिनाच्या कुशीला एक पितळी पाटी होती, आणि तिच्यावर खाली ग्लासगो लिहिलेलं होतं. मी आबांच्या मागे उभी राहून ते मनातल्या मनात वाचलं. एवढं अवजड लोखंड तिथून निघून, समुद्र ओलांडून आमच्या फलाटावर येऊन उभं होतं. मला घरून स्टेशनपर्यंतसुद्धा एकटीने जायची मुभा नव्हती.

एकदा मी सापडलेच असते. प्रेसमध्ये आबांनी पत्र दाखवलं तेव्हा स्टेशनचे तारबाबू तिथे आले होते. ते उर्दू बोलायचे आणि इंग्रजी चांगलं वाचायचे. घरी आल्यावर आबा म्हणाले, "बाबूजी तर म्हणून राह्यले, घरोघर नळ हाय म्हणे तिथं. नदीत म्हणे आपल्या प्रेसएवढं एक जहाज, असली जहाजं."

माझ्या हातातली कळशी मी खाली ठेवली.

"बाबूजीला काय कळतंय," आई म्हणाली. "तारेचं इंग्रजी असतंय त्यायचं. चार शबुद. आपली पोरगी मडमेकडं शिकली, पुरं दहा वर्सं."

"बराबर," आबा म्हणाले. पण त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. त्यांनाही दादा परत यायला हवा होता. त्यांनी पुढे कधी विचारलं नाही.

त्या वर्षी कापसाचा हंगाम सुरू व्हायच्या आधी आईने मुलगी बघितली. कुंभार पिंपळगावची, शेतकऱ्याच्या घरची. मला वाटलं होतं, नुसतं बोलणं होईल. पण आईला धीर नव्हता. "गाव असलं कोरडं, लेकरू आज न्हाई उद्या निघतंय. आल्यावर मुली बघत बसायच्या का?" असं म्हणून तिनं सुपारी फोडायचं ठरवलं. आमच्याकडे सुपारी फुटली की मुलगी त्या घरची झाली, मग दुसरं स्थळ तिच्या दारात येत नाही.

नवरदेव नसताना सुपारी कशी फोडायची, यावर त्यांच्या ओसरीवर थोडी चर्चा झाली. मुलीच्या चुलत्यांनी तोडगा काढला. नवऱ्याच्या पाटावर त्याचा फेटा ठेवायचा. आईने दादाचा फेटा बरोबर आणलाच होता, धुऊन, घडी घालून. पाटावर तो ठेवला, त्याला कुंकू लावलं, आणि समोर त्या मुलीला बसवलं. माझ्या वयाचीच होती. तिनं मान वर केली नाही, पण तिची नजर पाटापर्यंत गेलेली मला दिसली.

जेवणं झाल्यावर ती माझ्या शेजारी येऊन बसली.  मग तिनं हळूच विचारलं, "वन्सं, तिथं पाणी लई लांबून आनावं लागतं म्हन्त्यात. त्यायला स्वताला आनावं लागतं का?"

"नाही," मी म्हणाले.

"मंग कोन आनतंय?"

माझ्याकडे याचं उत्तर होतं, पुरं. तलाव, डोंगर, नळ. "असतात माणसं," मी म्हणाले.

"बरं हाय," ती म्हणाली. "कामावरून यायचं अन् पानी भरायचं म्हंजी जीव जातोय मान्साचा."

परतताना बैलगाडीत आई खूप दिवसांनी गुणगुणत होती. मी कडेला बसून चाकाच्या धावेकडे बघत होते. त्या रात्रीपासून उरलेली अर्धी वाक्यं मला वापरता येईनात. ट्राममध्ये बसलं की शेजारी ती मुलगी असायची.

पुढचं पत्र संक्रांतीच्या सुमारास आलं. आबांनी पाकीट फोडलं आणि माझ्याकडे दिलं. पातळ होतं, एकच कागद. मी पहिल्या चार ओळी मनात वाचल्या आणि थांबले.

"निघाला का?" आई म्हणाली.

त्यात अर्ध्यावर सोडण्यासारखं एकही वाक्य नव्हतं. त्याला कारखान्यात मिस्त्रीची कायमची जागा मिळाली होती, त्याच्या हाताखाली बारा माणसं होती. दोन खोल्यांचं घर घेतलं होतं. त्याने लिहिलं होतं, मी इथेच राहायचं ठरवलं आहे. तुम्ही माझी सगळी पत्रं वाचली आहेत, त्यामुळे मी का राहतो हे तुम्हाला कळेल. एवढं काम आणि एवढी सोय मला दुसरीकडे मिळणार नाही. माझी वाट पाहू नका.

मी ते वाचलं. सगळं, शेवटच्या सहीपर्यंत.

आबा उठून बाहेर गेले. आई जागची हलली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "कसली सोय? काळ्या घरांची? त्यानं तर लिव्हलं होतं…" आणि मग माझ्याकडे वळली. माझ्या चेहऱ्यावर काय होतं कोण जाणे. ती लिहितावाचता न येणारी बाई होती, पण चेहरा तिला वाचता यायचा.

"नळ आहे," मी म्हणाले. "पहिल्या पत्रात होता तसाच आहे. नदी आता उथळ नाही. जहाजं गावात येतात."

"किती वाचलंस," आईने विचारलं, "अन् किती गिळलंस?"

"अर्धं."

"कामून?"

"तू जेवत नव्हतीस."

मला वाटलं होतं, ती मारेल. तिनं फक्त डोक्यावरचा पदर सारखा केला. "माझ्या पोटासाठी त्या पोरीच्या कपाळाला कुंकू लावलं मी," ती म्हणाली. "फेट्यासमोर बसवली तिला. आता तूच चल. तूच सांग त्यायला. मी न्हाई सांगायची."

मी परक्या माणसांसमोर बोलत नसे. शाळेत सुद्धा उत्तर येत असून हात वर करत नसे. दोन दिवसांनी आम्ही मोटारने तीर्थपुरीपर्यंत आणि पुढे बैलगाडीने कुंभार पिंपळगावला गेलो. वाटेभर आईने मला एवढंच विचारलं, "थंडी वाजती का?" आणि मी नाही म्हटल्यावर तोंड फिरवलं.

त्यांच्या ओसरीवर मी उभी राहूनच सांगितलं. मुलीची आई जात्यापाशी बसली होती, चुलते खाटेवर. मुलगी आतल्या दाराला टेकून उभी होती. मी म्हणाले, दादा येणार नाही. त्याने कधी येतो असं लिहिलंही नव्हतं. पत्रं मी वाचत होते आणि त्यातलं चांगलं मी गाळत होते. आईला ठाऊक नव्हतं. चूक माझी आहे, आम्ही शब्द परत घ्यायला आलोय, मुलगी मोकळी आहे.

 मग मुलीची आई म्हणाली, "शिकलेल्या पोरीनं शिकल्यालं काम केलं बाई! आमच्या अडाण्यांला एक दगाबाजी करायची तर चार मानसं लागत्यात. हिनं एकटीनं केली, अन् ती बी कागद हातात धरून."

"बोला," माझी आई म्हणाली. "तिला बी बोला, मला बी बोला. मी आयकायलाच आलेय."

"तुमाला काय बोलू? तुमचं तर लेकरूच गेलं."  जात्यावरचं पीठ तिनं हाताने गोळा करायला घेतलं.

चुलते बराच वेळ खाटेची दोरी चाचपत होते. शेवटी म्हणाले, "साल गेलं न्हाई, महिनेच गेलेत. होईल पोरीचं. पन गावात काय सांगायचं?"

"सांगा, जालन्याचे लोक खोटे निघाले," आई म्हणाली. "बिलकुल सांगा. पोरीवर बोल येऊ देऊ नका."

निघताना मुलगी फेटा घेऊन आली. सुपारीच्या दिवसापासून त्यांनी तो जपून ठेवला होता, घडी मोडली नव्हती. आईच्या हातात न देता तिनं तो माझ्या हातात दिला.

"म्हंजी नळ हाय तिथं?" तिनं विचारलं.

"आहे. चौथ्या मजल्यावर पाणी येतं."

"बरं झालं," ती म्हणाली. चांगल्या मनाने म्हणाली. तसं म्हणायचं तिला काही कारण नव्हतं, आणि म्हणूनच ते ऐकणं त्या दिवसातलं सगळ्यात कठीण होतं.

नंतर आठ-दहा दिवस आई माझ्याशी कामापुरतंच बोलली. जेवायची मात्र. ते बघून मला बरं वाटायचं आणि बरं वाटलं याची लाजही वाटायची. आडावर जाणं तिनं थोडे दिवस माझ्यावरच टाकलं. बायकांना काय सांगायचं हे तिला ठरवायचं होतं बहुतेक.

मग एका दुपारी तिनं पत्र्याची पेटी ओढून पुढे घेतली. दादाची सगळी पत्रं त्यात होती, दोऱ्याने बांधलेली. तिनं दोरा सोडला आणि गठ्ठा माझ्यासमोर ठेवला.

"वाच."

"कोणतं?"

"सगळे. पैल्यापासून. आता तो तिथंच ऱ्हानार हाय, तर मला ते गाव ठावं पायजे. कुठं उठतो, कुठून जातो, पायाखाली काय असतंय. अन् गिळायचं न्हाई."

मी वाचायला लागले. रोज दुपारी एक पत्र, कधी दोन. आणि आई प्रश्न विचारायची, आबांनी किंवा मी कधीच विचारले नव्हते असे. पाणी चढतं कसं? मी म्हणाले, तलाव शहरापेक्षा उंचावर आहे, नळातून उतरतानाचा जोर पाण्याला पुन्हा वर नेतो. ती विचार करून म्हणाली, "म्हंजी वरच्या अंगाला बांध घातला तर खाली मोट नको." तिनं अंतरवालीच्या शेताचा उतार मनात मांडून पाहिलेला मला कळला. नदीतला गाळ टाकला कुठं? जमिनीखालच्या गाडीत मधेच दिवे गेले तर? जहाज पाण्यात घसरतं तेव्हा समोरचा काठ भिजतो का? मला जे येत नव्हतं ते मी येत नाही म्हणून सांगायची. आबा कधी लवकर आले तर दारातच चप्पल काढून बसायचे आणि त्यांच्या इंजिनाच्या माहितीने भर घालायचे.

आई आता त्या शहराची कीव करत नव्हती. एकदा म्हणाली, "चांगलं हाय. माझं लेकरू चांगल्या गावात हाय." आणि मग तोंडावर पदर घेऊन रडली. मी पत्र हातात धरून बसून राहिले.

आदल्या श्रावणातल्या पत्राची पाळी आली. मला ते पाठ होतं. युद्धात पुरुष लढाईवर गेले तेव्हा ट्रामवर तिकिटं फाडायला बायका आल्या, त्यातल्या काही अजून आहेत, असं त्यात होतं. ते मी वाचलं. आई हसली, "बाई तिकिट फाडती? अन् मान्सं देत्यात पैशे?" त्याच्या खालची ओळ मात्र कुणालाच माहीत नव्हती. ती अर्धी करून नव्हे, पुरीच गाळली होती मी. ते पत्र मी आबांना प्रेसमध्येही नेऊ दिलं नव्हतं, शाई सांडली म्हणून सांगितलं होतं.

मी थांबले.

"गिळू नको म्हनलं ना," आई म्हणाली.

मी वाचलं, "धाकटीला हे शहर दाखवायला हवं होतं. इथे मुलीला कुणी, कुठे निघालीस, असं विचारत नाही."

बाहेर कुणीतरी शेळी हाकत गेलं. आईने माझ्या हातातला कागद घेतला, ती ओळ कुठली असेल तिथे बोट ठेवायचा प्रयत्न केला, चुकीच्या ओळीवर ठेवलं, आणि तसंच ठेवून म्हणाली, "श्रावनापासून ठावं हाय तुला हे?"

"हो."

"अन् जावं वाटतंय?"

एवढ्या वर्षांत मला काय वाटतं हे मला कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तर मी सांगितलं नसतं. मी तिच्या बोटाकडे बघत होते.

"वाटतं," मी म्हणाले. "ग्लासगोच असं नाही. पण वाटतं."

आईने बोट उचललं. मग तिनं कागद माझ्याकडे परत दिला. तो देताना क्षणभर तिनं सोडला नाही, आम्ही दोघींनी तो धरलेला होता. मग तिची बोटं सुटली.

"पुढं वाच," ती म्हणाली.